परक्याला सांगता येतं, आबांना नाही

ताई, सलाम.

मी रावेर तालुक्यातला. घरी केळीची बाग आहे. आबा वारकरी, गळ्यात माळ, दिवे लागले की ओट्यावर हरिपाठ. मी भुसावळला लोको शेडमध्ये फिटर आहे, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहतो. सात वर्षांपूर्वी आमचं पहिलं बाळ जन्मल्यावर काही दिवसांतच गेलं. तेव्हा शेजारच्या क्वार्टरमधले एक ख्रिस्ती गार्डसाहेब ड्युटीवरून आले की रोज आमच्याकडे येऊन बसायचे. बोलायचे कमीच. कधी स्तोत्र वाचायचे, कधी नुसता चहा घेऊन जायचे. त्यातूनच मी येशूकडे आलो आणि पुढे बाप्तिस्माही घेतला. बायको अधूनमधून चर्चला येते, तिची हरकत नाही.

गावी मात्र कोणाला काही सांगितलेलं नाही. रविवारी घरून फोन आला की ओव्हरटाइम आहे म्हणतो. एकदा मायला माझ्या पिशवीत बायबल दिसलं. ती काही बोलली नाही. तिने त्यावर टॉवेल टाकला आणि पिशवी खुंटीला अडकवून ठेवली.

गाडीत बाजूला बसलेल्या अनोळखी माणसाला मी न घाबरता येशूविषयी साक्ष देतो. आबांसमोर तोंड उघडत नाही. आमचे पास्टर म्हणाले, जो माणसांसमोर मला नाकारील त्याला मीही नाकारीन, असं प्रभूने सांगितलंय, विचार कर. तेव्हापासून झोप नाही. इकडे धाकट्या बहिणीची सोयरीक बघताहेत. आणि आबा म्हणतात, यंदा मुक्ताईच्या पालखीत चार मुक्काम तरी माझ्यासोबत चल.

ताई, मी भित्रा आहे का? की माझा विश्वासच कच्चा आहे?

– तुमचा एक भाऊ, भुसावळ

*

भाऊ, सलाम.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. विश्वास कच्चा असलेला माणूस सात वर्षं असा झुरत नाही, तेव्हा त्या प्रश्नात अडकू नका. भीती आहे, ती खरी आहे, आणि तिच्यात लाज वाटावी असं फार थोडं आहे. जे थोडं आहे त्यावर मी पुढे येणारच आहे.

गाडीतल्या माणसापासून सुरुवात करू. तो मनमाडला उतरून जातो. त्याने तुमचं ऐकून तोंड फिरवलं तरी तुमचं काही जात नाही. त्याने तुम्हाला दहावीच्या निकालादिवशी लपून बसलेलं पाहिलेलं नसतं, बायकोवर ओरडताना ऐकलेलं नसतं, भावकीच्या बांधाच्या भांडणात तुम्ही काय बोललात ते त्याला ठाऊक नसतं. त्याच्यासमोर तुम्ही फक्त विश्वासी असता. घरच्यांसमोर तुम्ही सगळेच्या सगळे उभे असता. ‘प्रभूने मला बदललं’ असं म्हणायला तोंड उघडलं की आधी आपल्यालाच आपल्या न बदललेल्या गोष्टी आठवतात, आणि समोरच्यालाही त्या आठवणार हे माहीत असतं. ही अडचण तुमच्या एकट्याची नाही. धुळे-जळगावकडच्या मंडळ्यांमध्ये एकेकटे विश्वासात आलेले कितीतरी लोक मी ओळखते. प्रार्थनेत ते मोकळेपणाने रडतात आणि आखाजीच्या सणाला घरी गेले की एक शब्द काढत नाहीत.

आपल्याकडे नवापूरच्या बाजूला गावीत-मावची आदिवासींच्या वस्त्यांमध्ये गोष्ट वेगळी आहे. तिथे घरंच्या घरं ख्रिस्ती आहेत. आजारपणात कोणी प्रार्थना केली, भावाने भावाला सांगितलं, मेहुण्याने मेहुण्याला, आणि पाड्यावर भजन सुरू झालं. तिथे विश्वास नात्यातूनच चालत गेला. पूर्वेकडे, तुमच्या रावेर-यावलच्या पट्ट्यात, माणूस बहुतेकदा एकटाच येतो. नोकरीच्या गावी, हॉस्टेलात, दवाखान्यात त्याला कोणीतरी भेटतं आणि गावी परतल्यावर भावकीत त्याच्यासारखा दुसरा कोणी नसतो. म्हणून पाड्यावरच्या भावाचं धाडस पाहून स्वतःला हिणवू नका. त्याच्या पाठीशी त्याचं घर आहे. तुम्हाला घरासमोर उभं राहायचंय.

आता भीती कशाची, ते नीट उलगडून बघा. आबा चिडतील, ही त्यातली सगळ्यात लहान भीती. बाप चिडतो आणि निवळतो. मोठी भीती अशी की, तुमचा विश्वास आबांना त्यांच्या अख्ख्या आयुष्यावर काढलेल्या निकालासारखा वाटेल. ‘मी चाळीस वर्षं माळ घातली, ती वाया गेली का? माझा बाप वारीच्या वाटेवर गेला, तो कुठे गेला मग?’ हा प्रश्न येणार. तो तुमच्या जिभेवर आत्ताच बसलेला आहे, म्हणून ती उचलत नाही. त्या प्रश्नाला उत्तर देऊ नका. कोण कुठे गेलं हे सांगायचं काम आपल्याला दिलेलं नाही. अब्राहाम देवासमोर उभा राहून म्हणाला होता, सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय? तुम्हीही तिथेच थांबा. ‘आबा, ते मला माहीत नाही. देव न्यायी आहे आणि दयाळू आहे, एवढं मला माहीत आहे.’ यापुढे एक शब्दही नको. आपल्यातले काही जण इथे घाईने पुढे जातात, आजोबांचा निकाल लावून मोकळे होतात, आणि मग वर्षानुवर्षं त्या घराचं दार उघडत नाही.

दुसरी भीती आबांची आहे, तुमची नव्हे, पण ती तुम्हाला जाणवते. मेल्यावर मला अग्नी कोण देणार, दहाव्याला कोण बसणार, पित्रांना पान कोण वाढणार. आपल्या भागात मुलगा ख्रिस्ती झाला म्हणजे बापाच्या मनात पहिल्यांदा हेच येतं, बायबलमध्ये काय लिहिलंय ते फार नंतर. तेव्हा हे त्यांनी विचारायची वाट पाहू नका. आपण होऊन सांगा की तुमच्या म्हातारपणात मीच तुमच्या खाटेजवळ असेन, दवाखाना मी करीन, खांदा मी देईन, मायला मी सांभाळीन. विधींचं काय करायचं यावर मंडळ्यांमध्ये वेगवेगळी मतं आहेत. त्याविषयी तुमच्या वडीलधाऱ्या विश्वासी माणसांशी आधी बोला, म्हणजे आबांना जे शब्द द्याल ते पाळता येतील. खोटी कबुली देऊ नका. पण खांदा द्यायला आणि सेवा करायला तुम्हाला कोणी अडवलेलं नाही, आणि आबांना ते ऐकायला मिळालं पाहिजे.

तिसरी भीती गावाची. बाटला म्हणतील, मिशनरीचे पैसे घेतले म्हणतील, काका भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काहीतरी टाकतील. हे होईल असं धरूनच चला. भारताच्या संविधानाच्या 25व्या कलमाने प्रत्येकाला आपल्या सदसद्विवेकाप्रमाणे धर्म मानण्याचं, पाळण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य दिलेलं आहे. तुम्ही चोरी केलेली नाही. पण हे कलम आबांच्या तोंडावर फेकायचं नाही. ते पोलिसांसमोर, अधिकाऱ्यांसमोर कामाचं. बापासमोर कलम काढलं की बाप परका होतो. पैशाचा आरोप आला तर एकदाच, शांतपणे, पगाराची स्लिप दाखवा आणि विषय संपवा. ग्रुपवर उत्तर देऊ नका, एक अक्षरही नाही.

इथे आपल्या लोकांविषयीही बोलायला हवं. काही प्रचारकांनी दुसऱ्यांच्या देवांना शिव्या देत सुवार्ता सांगितली आहे. काहींनी आजारी माणसाच्या उशाशी बसून भीती घातली आहे. त्याची किंमत तुमच्यासारखे मुलगे आणि सुना मोजतात, कारण घरच्यांच्या मनात ‘ख्रिस्ती’ म्हटलं की तोच आवाज उभा राहतो. आणि मंडळीत आपण साक्षीच्या वेळी किती जण आले याची मोजणी करतो, ती मला मनापासून खटकते. त्या मोजणीमुळे घरच्यांशी बोलणं म्हणजे त्यांना जिंकणं, असं तुमच्या मनात बसलंय. आबांना जिंकायचं म्हटल्यावर कोणाच्याही तोंडाला कोरड पडेल. बापाला कोण जिंकायला जातं?

पास्टरांनी सांगितलेलं वचन खरं आहे, त्यातून पळवाट काढू नये. पण ते नाकारण्याविषयी आहे. पेत्र अंगणात शेकत बसला असताना त्याला विचारलं, तूही त्याच्याबरोबरचा ना? आणि तो म्हणाला, मी त्याला ओळखत नाही. ते नाकारणं होतं. योग्य वेळेची वाट पाहत गप्प राहणं वेगळं. आता भाऊ, तुमच्याकडे बघा. रविवारी फोन येतो, माय विचारते काय करतोस, आणि तुम्ही म्हणता ओव्हरटाइम. ही वेळेची वाट पाहणारी शांतता राहिलेली नाही. मला वाटतं, तुमची झोप याने उडाली आहे. तुम्ही समजताय की आबांना सुवार्ता सांगितली नाही म्हणून मन खातंय. मन खातंय ते आई-बापाशी खोटं बोलताय म्हणून. सुवार्ता सांगण्याआधी ते खोटं काढून टाकायचंय. एवढं कराल तर तुमचं निम्म्याहून जास्त ओझं उतरेल, आणि त्यासाठी तुम्हाला प्रवचन यायची गरज नाही.

मग काय सांगायचं? गरसेकरांच्या प्रदेशातल्या त्या भूतग्रस्त माणसाची गोष्ट मार्काच्या पाचव्या अध्यायात आहे. तो बरा झाल्यावर येशूबरोबर जायला निघाला होता. येशूने त्याला नेलं नाही. आपल्या घरी, आपल्या माणसांकडे जा, म्हणाला, आणि प्रभूने तुझ्यासाठी काय केलं, तुझ्यावर कशी दया केली, ते सांग. लोकांना शिकव म्हणाला नाही, वाद घाल म्हणाला नाही. त्या माणसाला बाकी काही येतही नव्हतं. जे घडलं ते मात्र त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

तुमच्या बाबतीत घडलं ते काय? तुमच्या पत्रातला तो भाग तुम्ही तीन-चार ओळींत उरकलाय, आणि मला तिथेच थांबावंसं वाटलं. बाळ गेलं. भुसावळच्या त्या क्वार्टरमध्ये तुम्ही दोघं. आणि एक म्हातारा गार्ड, रात्रभर मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून आलेला, घरी जाऊन पाठ टेकायच्या ऐवजी तुमच्या खुर्चीत येऊन बसतो. परमेश्वर भग्नहृदयी लोकांच्या सन्निध असतो, असं चौतिसाव्या स्तोत्रात आहे. त्याने ते तुम्हाला वाचून दाखवलं असेल किंवा नसेल, त्याने ते बसून दाखवलं. भाऊ, आबांनीही नातू गमावला होता. ते रावेरहून गाडीने आले असतील, दोन दिवस राहून परत गेले असतील, कारण बागेला पाणी होतं, निसवण सुरू होती, आणि पुरुषमाणसाला रडायला आपल्याकडे जागा नसते. आपला मुलगा त्या दिवसांतून कसा बाहेर आला, हे त्यांना आजतागायत माहीत नाही. त्यांनी तुम्हाला विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाही. सात वर्षं झाली. हे सांगणं तुमच्याकडून त्यांना येणं लागतं, मग ते येशूला मानोत न मानोत.

तेव्हा आबांना हीच गोष्ट सांगा. बाळापासून सुरुवात करा. गार्डसाहेब काय करायचे ते सांगा, चहा कोण करायचं ते सांगा. मग सांगा की त्या माणसाच्या देवाकडे मी वळलो, आता मी येशूची भक्ती करतो, बाप्तिस्मा घेतलाय, रविवारी चर्चला जातो, ओव्हरटाइम नसतो, तुम्हाला खोटं सांगितलं त्याची माफी मागतो. आणि थांबा. तुम्हीही या, तुम्हीही माना, हे त्या दिवशी बोलायचं नाही. चर्चमधली भाषा तर मुळीच नको. ‘आशीर्वादित झालो’, ‘तारण प्राप्त झालं’ असलं काही आबांशी बोलू नका. बागेत त्यांच्याशी जसं बोलता तसंच बोला. पेत्राने पत्रात लिहिलंय की, तुमच्या आशेविषयी कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, आणि ते सौम्यपणे, आदराने द्या. विचारलं तर. आबा विचारतील, पण कदाचित वर्षाने विचारतील.

जागा ओट्याची निवडू नका. ओट्यावर येणारे-जाणारे असतात, आणि चार माणसांदेखत बापाला कठोर व्हावंच लागतं. सकाळी त्यांच्याबरोबर बागेत जा. मुनवे कापायला विळा घ्या, ठिबकच्या नळ्या बघा, काम करता करता बोला. केळीच्या बागेत माणसं एकमेकांकडे न बघता बोलू शकतात, आणि अशा गोष्टी एकमेकांच्या डोळ्यांत न बघताच बोलाव्या लागतात. मंडळीतले चार जण सोबत नेऊ नका. पास्टरांनाही नेऊ नका, ते कितीही म्हणाले तरी. त्यांनी त्या वेळी भुसावळला बसून प्रार्थना करावी.

आदल्या संध्याकाळी मायशी बोला. तिला ठाऊक आहे, टॉवेलवरून कळतंच. तिने बायबल फेकलं नाही, आबांना सांगितलं नाही, तुम्हाला जाब विचारला नाही. ते गुपित ती एकटी बाळगून आहे, नवऱ्यापासून लपवून, आणि त्याचा तिला किती त्रास होत असेल याचा विचार तुमच्या पत्रात कुठे दिसला नाही. तिला आधी मोकळं करा. पण तिच्यामार्फत आबांना निरोप पाठवू नका. घरच्या कर्त्या माणसाला सगळ्यांच्या शेवटी आणि बायकोच्या तोंडून कळलं, तर विषय देवाचा राहत नाही, मानाचा होतो. संध्याकाळी माय, सकाळी आबा, मध्ये फक्त रात्र.

बहिणीच्या सोयरिकीवर माझं मत तुम्हाला कठोर वाटेल. तुम्हाला वाटतंय, लग्न होऊन जाऊ दे, मग सांगतो. मी म्हणते, सुपारी फुटण्याआधी सांगा. आज लपवलं आणि उद्या तिच्या सासरी कोणी भुसावळचा पाहुणा म्हणाला, अहो, यांचा भाऊ तर दर रविवारी चर्चच्या दारात असतो, तर बोलणी तुम्हाला बसणार नाहीत. तिला बसतील, परक्या घरात, रोज. तुमच्या गप्प राहण्याची किंमत तिने मोजू नये. बहिणीलाही स्वतः सांगा. सोयरीक तिची आहे. एखादं स्थळ परत जाईल, हे शक्य आहे. तिला वाईट वाटेल, माय रडेल, आणि ते तुम्हाला सोसावं लागेल. पाहुण्यांना काय आणि केव्हा सांगायचं ते मात्र आबांना ठरवू द्या. हुंड्या-मानपानापासून मांडवापर्यंत कामाला सगळ्यात पुढे तुम्ही असा.

पालखीचं विचारलंत. मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून पंढरपूरला जायला महिनाभर चालते. आबांच्या वयाला ती वाट सोपी नाही, आणि मुलगा सोबत हवा असं त्यांना वाटणं मला फार समजतं. माझ्या मते जा. पण आधी सांगून जा. ‘आबा, मी तुमच्यासाठी चालतोय, तुमची पिशवी मी घेतो, पाय मी चेपून देईन, माळ घालणार नाही.’ न सांगता गेलात तर तो ओव्हरटाइमचाच पुढचा अंक होईल. तुमच्या मंडळीत कोणी नावं ठेवील. एखाद्याचा सदसद्विवेक वेगळं सांगत असेल, त्याने जाऊ नये. मी सगळ्यांसाठी नियम करत नाही, तुम्हाला सांगतेय. दिंडीत नुसते कान उघडे ठेवून चाला. नारायण वामन टिळकांनी, ज्यांची भजनं आपण तबला-पेटीवर दर रविवारी म्हणतो, आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हटलं होतं. त्यांना तुकोबा टाकून द्यावे लागले नाहीत. आबांच्या ओट्यावर लहानपणी तुम्ही जे अभंग ऐकलेत, त्यांनीच तुमचं मन देवासाठी नांगरून ठेवलं होतं, असं मला वाटतं, आणि हे तुम्ही आबांना कधीतरी सांगावं. ‘देवाला हाक मारायला मी तुमच्याकडूनच शिकलो.’ हे खरं असेल तरच सांगा. तुमच्या पत्रावरून ते खरं असावं.

टिळकांचीच आणखी एक गोष्ट. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या, काही वर्षं. केवढा आकांत झाला असेल त्या काळी ब्राह्मणाच्या घरात. पुढे त्या परत आल्या आणि नंतर स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. कोणाच्या मागे लागण्याने त्या झाल्या नाहीत; ती बाई कोणाच्या मागे लागण्याने बधणारी नव्हतीच. आणि प्रभूच्या स्वतःच्या घरी तरी काय होतं? त्याला वेड लागलंय म्हणून त्याचे आप्त त्याला धरायला आले होते. त्याचे भाऊही त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते, असं योहानाने सरळ लिहिलंय. एका छपराखाली वाढलेले भाऊ. त्यातला याकोब पुढे यरुशलेमच्या मंडळीचा खांब झाला, पण ते पुनरुत्थानानंतर. जिथे खुद्द त्याच्या घरच्यांना एवढा वेळ लागला, तिथे पालखी निघायच्या आत आबांचं मन वळलं पाहिजे, हा हिशोब तुम्ही कुठून आणलात?

आबा काय करतील, मला सांगता येणार नाही. कदाचित तुमच्या हातचं पाणी घेणं बंद करतील. कदाचित नुसते गप्प होतील, आणि ते जास्त जड जाईल. त्या काळात घरी जाणं थांबवू नका, पैसे पाठवणं थांबवू नका, पोळ्याला बैल धुवायला जा, कानबाईच्या सणाला पाहुण्यांची उठबस करा. नैवेद्याचं ताट समोर आलं तर त्यावरून तमाशा नको. ‘माय, मला साधी भाकर दे’ एवढं पुरतं. हरिपाठाच्या वेळी उठून गावात चक्कर मारायला जाऊ नका, तिथेच कोपऱ्यात बसा. तुम्ही त्यांचे राहिला आहात की आपल्यातून गेलात, हेच ते बघत असतील, आणि ते त्यांना एका दिवसात दिसणार नाही.

तुमच्या बायकोलाही गावी सोबत न्या. सासूबाईंनी नंतर ‘तुझ्यामुळेच झालं’ म्हणून तिला बोल लावायला नको. हे तुम्ही आबांसमोर स्वतःच्या तोंडाने स्पष्ट करा, की ती नाही, मी आधी गेलो.

तेव्हा रजेचा अर्ज टाका. ज्येष्ठात पालखी निघण्याआधी जाऊन या, आणि रविवार धरून तीन दिवस तरी काढा. सकाळी सांगून संध्याकाळच्या गाडीने भुसावळ गाठायचं, असं करू नका. आबा पहिल्या दिवशी बहुधा काहीच बोलणार नाहीत. जे बोलायचं ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी बोलतील, तेव्हा तुम्ही तिथे असायला हवं.

तुमची,
ताई